मॅनहॅटनमधले कराओके-घर : खोली उत्तम, पण पडद्यावरचा तो शब्द कोणी म्हणायचा?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ब्रॉडवे आणि पाचवा ॲव्हेन्यू यांच्या दरम्यानचा बत्तिसाव्या रस्त्याचा तुकडा कोरियाटाउन म्हणून ओळखला जातो. तळमजल्यावर खानावळ आणि वरच्या मजल्यांवर कराओकेच्या भाड्याच्या खोल्या, अशी तिथल्या कितीतरी इमारतींची मांडणी आहे. अनोळखी लोकांनी भरलेल्या बारमध्ये मंचावर उभे राहून गाण्याचा प्रकार वेगळा. इथे आपल्याच मंडळींसाठी बंद खोली तासाच्या भाड्याने घ्यायची, दार लावायचे आणि घसा बसेपर्यंत गायचे, अशी कोरियन पद्धत आहे आणि तिला ते लोक नोरेबांग म्हणतात. जर्सी सिटीहून पाथ गाडीने तेहेतिसाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की ही जागा हाकेच्या अंतरावर येते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधली कॉलेजात जाणारी मुले वाढदिवस, पदवी, नवी नोकरी अशा कोणत्याही निमित्ताने इथे येतात आणि खर्चाला हातभार म्हणून अधूनमधून एखाद्या काका-मामालाही सोबत घेतात. अशाच मामाच्या नात्याने मी ज्या कराओके-घरात गेलो, त्याचे हे परीक्षण आहे. जागेचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण माझा मुख्य आक्षेप तिथल्या गाण्यांच्या यादीच्या मांडणीवर आहे आणि तशी मांडणी याच एका जागी असेल असे मला वाटत नाही.

आधी जमेची बाजू. खोली स्वच्छ होती, बाकांचे रेक्झिन फाटलेले नव्हते, वातानुकूलन आवाज न करता चालत होते आणि भिंतींचे अस्तर इतके चांगले होते की शेजारच्या खोलीतला गोंधळ दार उघडल्याशिवाय कळत नव्हता. दोन बिनतारी माइक मिळतात आणि प्रत्येक नव्या मंडळींसाठी त्यांच्यावर नवी जाळीदार टोपडी चढवून दिली जातात, ही बारीकशी गोष्ट मला विशेष आवडली. गाणी निवडायला टॅब्लेट आहे, स्वर वर-खाली करण्याची आणि प्रतिध्वनी कमी करण्याची बटणे वेगळी आहेत, शिवाय टोपलीत दोन खंजिऱ्या ठेवलेल्या असतात. गाणे संपले की तुतारीच्या गजरात पडद्यावर गुण झळकतात. हे गुण सुरांपेक्षा आवाजाच्या मोठेपणावर जास्त अवलंबून असावेत असा माझा अंदाज आहे, कारण आमच्यातला सर्वांत बेसुरा गाणारा सर्वांत वरच्या क्रमांकावर राहिला. दर माणशी आणि तासागणिक आहे, शुक्रवार-शनिवारच्या रात्री तो चढतो. फळांचे ताट मात्र मागवू नये. कलिंगडाच्या चार फोडी आणि द्राक्षांचा एक घोस यांसाठी जी किंमत लावली जाते, तिला कोणतेही समर्थन नाही. हिंदी गाणी मोजकीच, मराठी एकही नाही.

आता यादीकडे वळतो. तरुण मुलांना इथे गायचे असते ते प्रामुख्याने रॅप आणि हिपहॉप, आणि या संगीताच्या फार मोठ्या भागात कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला गेलेला एक शब्द वारंवार येतो, ज्याला अमेरिकेत ‘एन-वर्ड’ असे म्हणून मूळ उच्चार टाळला जातो. या लेखातही तेवढेच म्हटले जाईल. टॅब्लेटवर अशा गाण्यांच्या दोन आवृत्त्या आहेत. एका आवृत्तीत शिव्यांसकट सगळे शब्द पडद्यावर येतात. दुसरीत त्या जागा रिकाम्या असतात आणि अक्षरांवरून सरकणारा रंग त्या रिकाम्या जागेवरूनही तालात सरकत पुढे जातो. गाण्याच्या नावावर बोट ठेवले की पहिली आवृत्ती आपोआप सुरू होते. दुसरी हवी असेल तर गाण्याच्या नावापुढचा छोटा बाण दाबून ती शोधावी लागते. मुलांच्या हातात टॅब्लेट असताना तो बाण कोणी दाबत नाही, हे सांगायला नको.

कराओकेत हा प्रश्न इतरत्र कुठल्याही ठिकाणापेक्षा अधिक टोकदार होतो असे मला वाटते. रेडिओवर तो शब्द कोणी तरी दुसरा म्हणत असतो आणि आपण ऐकत असतो. इथे पडदा तो शब्द आपल्यापुढे धरतो, त्याच्यावर रंग चढवतो, कोणत्या क्षणी तोंड उघडायचे हे दाखवतो आणि वर गुण देण्याची तयारी ठेवतो. मागे संगीत असते, मूळ गायकाचा आवाज मात्र काढून टाकलेला असतो. तो शब्द त्या खोलीत कोणाच्या तोंडून निघणार, तर फक्त भाडे भरणाऱ्याच्या.

माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी पहिल्या दोन गाण्यांत तो शब्द मोकळ्या गळ्याने म्हटला. मी टोकले तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, गाण्यातला शब्द आहे तो, आम्ही कोणाला थोडेच म्हणतोय?” हे उत्तर उर्मटपणाचे नव्हते, त्याला खरोखरच तसे वाटत होते. तिसरे गाणे चालू असताना पाण्याचा जग घेऊन तिथला एक कृष्णवर्णीय कर्मचारी दार ढकलून आत आला. त्याने मुलांकडे पाहिलेसुद्धा नाही. रिकामे पेले उचलले, जग ठेवला, टेबल पुसले. तेवढ्या वेळात गाण्यात तो शब्द दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा चारही मुलांचे ओठ मिटलेले राहिले. एकाने खंजिरी उचलली, दुसरा मोबाइलमध्ये डोकावला. दार पुन्हा लागले आणि पुढच्या ओळीपासून आवाज पूर्ववत झाला. मला जे म्हणायचे आहे ते एवढ्यातच सामावलेले आहे. दार उघडे असताना जो शब्द तोंडातून निघत नाही, तो दार बंद असताना म्हणायला आपण मोकळे आहोत असे ज्याला वाटते, त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देऊन टाकलेले आहे.

तरीही मुलांचा युक्तिवाद सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. शब्द गाण्यातला आहे, गायक स्वतः तो शंभर वेळा म्हणतो, ते गाणे पैसे घेऊन साऱ्या जगाला विकतो आणि मैफलीत श्रोत्यांनी बरोबर गावे अशी त्याची इच्छा असते. मग एका शब्दावर श्रोत्याने गप्प व्हायचे, ही कसली अट? या प्रश्नाची जाहीर परीक्षा मे २०१८ मध्ये अलाबामातल्या गल्फ शोअर्स इथल्या संगीत महोत्सवात झाली. केन्ड्रिक लमार या रॅपरने प्रेक्षकांतल्या एका गोऱ्या तरुणीला आपल्याबरोबर गायला मंचावर बोलावले. तिने ओळी जशाच्या तशा म्हटल्या, त्या शब्दासकट. लमारने गाणे थांबवले आणि तो एक शब्द गाळून म्हणायचा असतो हे तिला समजावले. तिने माफी मागितली आणि गाणे पुढे चालू झाले. त्यानंतर बरेच लोक त्याच्यावरही रागावले. आपणच लिहायचे, आपणच मंचावर बोलवायचे आणि मग आपणच हजारो लोकांदेखत थांबवायचे, हा पेच त्यानेच उभा केला असे त्यांचे म्हणणे होते. त्या तरुणीबद्दल मलाही सहानुभूती वाटते. पण गाणे रचणाऱ्याने ते कसे गायले जावे हे सांगितल्यावर, ‘गाण्यातच आहे’ या सबबीचा आधार उरत नाही. ज्याच्या अधिकाराचा हवाला देऊन आपण तो शब्द म्हणत होतो, त्यानेच तो परवाना दिलेला नाही.

या शब्दाचा इतिहास मराठी वाचकाला थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. गुलामांच्या बाजारात, उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर, आणि गुलामगिरी संपल्यानंतरही दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द होता. त्याच समाजाने पुढे तो आपल्या आपल्यात वापरायला घेतला, त्याच्या शेवटच्या अक्षराचा उच्चार बदलला आणि त्यातून मित्र, भाऊ, ‘आपला माणूस’ असे अर्थ काढले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रॅपच्या लाटेबरोबर हा आतला वापर घराघरांत आणि सातासमुद्रापार पोहोचला. बाहेरच्यांनी तो म्हणावा की नाही हा प्रश्न आजच्या स्वरूपात तिथून सुरू होतो, कारण त्याआधी बाहेरच्याने तो म्हटला तर त्याचा अर्थ एकच होता.

आणि आतल्यांचेही यावर एकमत नाही, ही गोष्ट आपल्याकडे बहुधा ठाऊक नसते. रिचर्ड प्रायर या विनोदकाराने १९७०च्या दशकात तो शब्द मंचावर सर्रास वापरला, इतका की आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या शीर्षकांतही घेतला. पण १९७९ मध्ये केनियाला जाऊन आल्यावर त्याने तो कायमचा सोडला आणि त्याचे कारणही पुढे मंचावरूनच सांगितले. जुलै २००७ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या हक्क-संघटनेने डेट्रॉइट शहरात त्या शब्दाची चक्क अंत्ययात्रा काढली. घोडे जुंपलेल्या गाडीवर पाइनच्या लाकडाची शवपेटी ठेवली होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने तो न वापरण्याचा प्रतीकात्मक ठराव एकमताने केला. सर्वांत बोलके उदाहरण २०१३चे आहे. हार्लेममधल्या रोजगारासाठी मदत करणाऱ्या एका संस्थेच्या कृष्णवर्णीय प्रमुखाने आपल्या कृष्णवर्णीय महिला कर्मचाऱ्याला रागावताना तो शब्द वापरला. आमच्यात हा मायेनेही वापरला जातो, असा बचाव मांडला गेला. पण फेडरल न्यायालयातल्या ज्युरीने तो स्वीकारला नाही आणि अडीच लाख डॉलर नुकसानभरपाई व त्यावर दंडात्मक रक्कम देण्याचा निर्णय दिला. म्हणजे कातडीचा रंग एक असणे हादेखील पुरेसा परवाना नाही. शब्द कोण, कोणाला, कोणत्या नात्याने आणि कोणत्या जागेवरून म्हणतो, हे आतल्यांनासुद्धा लागू आहे. मग बाहेरच्याला, ज्याच्याकडे ते नाते मुळातच नाही, त्याला सूट मिळावी अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

ता-नेहिसी कोट्स या लेखकाला २०१७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या एका शाळेच्या सभागृहात एका विद्यार्थिनीने नेमका हाच प्रश्न विचारला होता: गाणे लागले की मित्रमंडळी तो शब्द म्हणतात, त्यांना काय सांगावे? त्याचे उत्तर मला आजवर ऐकलेल्या उत्तरांत सर्वांत समंजस वाटते. आपली पत्नी आपल्याला ज्या लाडक्या नावाने हाक मारते, त्या नावाने रस्त्यावरची अनोळखी बाई हाक मारू लागली तर ते चालणार नाही, आणि हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, असे तो म्हणाला. पुढे त्याने त्याहून खोल गोष्ट सांगितली: रॅप आवडणाऱ्या गोऱ्या माणसाने तो एक शब्द गिळला, तर इतरांना जे सहज करता येते ते आपल्याला करता येत नाही हा अनुभव त्याला घडीभर मिळेल, आणि कृष्णवर्णीय म्हणून जगणे कसे असते याची किंचित कल्पना येईल. त्या रिकाम्या आवृत्तीत रंग जेव्हा मोकळ्या जागेवरून सरकतो, तेव्हा गाणाऱ्याला नेमके हेच करायचे असते.

इथे आमच्या मुलांचा दुसरा मुद्दा येतो: “पण मामा, आपण कुठे गोरे आहोत?” हा मुद्दा न्यू जर्सीतल्या भारतीय मुलांकडून मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला स्वतंत्र उत्तर दिले पाहिजे. आपण गोरे नाही हे खरे. या देशात विमानतळावर आणि दुकानात आपल्यालाही रंगाचा त्रास होतो, तेही खरे. पण १९२३ मध्ये पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा आपण उच्चवर्णीय आर्य असल्याने गोऱ्यांतच मोडतो आणि म्हणून नागरिकत्वाला पात्र आहोत, हा त्यांचा दावा होता; न्यायालयाने तो फेटाळला. त्या काळी नागरिकत्वाचा कायदाच अन्यायाचा होता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की त्या समाजाच्या रंगाचे ओझे आपल्यावर नव्हते आणि संधी मिळाली तेव्हा आपण दुसऱ्या बाजूला बसायला तयार होतो. १९४६च्या कायद्यानेही भारतीयांसाठी वर्षाला फक्त १०० जणांचाच प्रवेश मोकळा झाला होता. ही कोंडी फुटली ती १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या ज्या चळवळीच्या जोरावर संमत झाला, ती चळवळ कोणी चालवली, कोणी मार खाल्ला, हे जगजाहीर आहे. न्यू जर्सीच्या एडिसनमधली आपली घरे त्या चळवळीच्या ऋणात आहेत. ऋणकोने धनकोच्या घरातली भांडणे आणि लाडाची नावे आपलीच असल्यासारखी वापरू नयेत, असे मला वाटते.

शिवाय आपले स्वतःचे काय? जून २०२० मध्ये वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितले की सनरायझर्स हैदराबाद संघात असताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘कालू’ म्हणून हाक मारली जायची, आणि त्याचा अर्थ ‘दणकट घोडा’ असा काही तरी असावा असे समजून तो हसत असे. अर्थ कळल्यावर त्याला संताप आला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणे झाले, ती हाक मायेने मारलेली होती असे त्याला सांगण्यात आले आणि त्याने प्रकरण वाढवले नाही. माया खरी असू शकते. माझा त्यावर अविश्वास नाही. मात्र ज्याला हाक मारली जाते त्याला तिचा अर्थच ठाऊक नसेल, तर त्या मायेत त्याचा वाटा काय? समाजाने परत मिळवलेल्या शब्दात आणि बाहेरच्याने लाडाने चिकटवलेल्या शब्दात हाच फरक आहे. पहिल्यात शब्दाची दिशा ज्याला तो लागतो तोच ठरवतो, दुसऱ्यात ती ठरवणारा कोणी तरी वेगळाच असतो.

मराठी माणसाला हे समजणे कठीण जाऊ नये, कारण जातींच्या नावांबाबत आपण हेच रोज पाहतो. २००८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की ‘चमार’ हा शब्द हिणवण्याच्या हेतूने वापरणे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. त्याच शब्दाला ‘द ग्रेट’ असे विशेषण लावून उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातल्या घडकौली गावच्या लोकांनी तो गावाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि पंजाबात त्याच नावाच्या अभिमानाची गाणी लग्नांत वाजतात. १९८९च्या त्या कायद्याचे कलम वाचले तर ते ‘जो कोणी, अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नसताना’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. आतला आणि बाहेरचा हा भेद आपल्याकडे संसदेने कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. ते पंजाबी गाणे वाजत असताना पुण्यातल्या सवर्ण मुलाने माइक हातात घेऊन ते नाव ओरडावे की नाही, याबद्दल माझ्या भाच्याच्या मनात क्षणभरही शंका नव्हती. मी विचारले तेव्हा त्याने नुसतीच मान हलवली.

अमेरिकेचा कायदा असा भेद करू शकत नाही, आणि ही बाब त्याच कोरियाटाउनमध्ये आठवावी अशी आहे. पोर्टलंडच्या ‘द स्लँट्स’ या वाद्यवृंदातल्या आशियाई वंशाच्या कलावंतांनी आपल्या डोळ्यांवरून दिली जाणारी शिवीच नाव म्हणून घेतली. व्यापारचिन्ह कार्यालयाने अवमानकारक म्हणून ते नोंदवायला नकार दिला. वृंदाचे प्रमुख सायमन टॅम सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि जून २०१७ मध्ये जिंकले. अवमानकारक चिन्हांवरची बंदीच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. त्यांचा विजय मला पटतो. पण त्याच निकालामुळे वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या नावाचे व्यापारचिन्हही सुरक्षित झाले, आणि ते नाव मूळ अमेरिकन लोकांना उद्देशून वापरली जाणारी शिवी होती, संघाचे मालक मात्र त्या समाजाचे नव्हते. आतल्यांनी स्वतःसाठी उघडलेल्या दारातून बाहेरचाही आत शिरला. पुढे २०२० मध्ये संघाने ते नाव सोडले ते कायद्यामुळे नव्हे. प्रायोजकांचा आणि लोकमताचा रेटा होता म्हणून. तेव्हा ‘कायद्याने बंदी नाही’ हे कराओकेच्या खोलीत कोणी म्हणालेच, तर ते बरोबर आहे आणि निरुपयोगीही आहे.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. वर्गात इतिहास शिकवताना, न्यायालयात साक्ष देताना किंवा जुने पुस्तक वाचून दाखवताना तो शब्द उच्चारावा का, हा वेगळा आणि खरोखर अवघड प्रश्न आहे, आणि तिथे सरसकट शिक्षा करण्याची घाई काही संस्थांनी केली आहे असे माझे मत आहे. तिथे शब्दाविषयी बोलायचे असते, त्यामुळे उच्चाराला कारण असते. शनिवारी रात्री दोन माइक आणि खंजिरी घेऊन बसलेल्या मंडळींपाशी तसे काही कारण नसते.

उसने घ्यायचेच तर काय घ्यावे, याचे आपल्या परंपरेत चांगले दाखले आहेत. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, बाणा घेतला, जाहीरनाम्याची धग घेतली. त्या समाजाची शिवी मात्र घेतली नाही, कारण आपल्या वाट्याच्या शिव्या आपल्याकडे पुरेशा होत्या. हिपहॉप आवडणाऱ्या मराठी मुलांनी त्यातला ताल, यमकांची कारागिरी, वस्तीतल्या जगण्याची थेट भाषा हे सगळे मोकळ्या मनाने घ्यावे. मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतल्या मुलांनी आपल्या भाषेत रॅप करताना तेच केलेले आहे.

आता सेवेच्या दृष्टीने निकाल. गाळलेली आवृत्ती गायला अडचणीची आहे का? बहुतेक गाण्यांत नाही. रंग रिकाम्या जागेवरून सरकतो तेवढ्यात श्वास घेता येतो, आणि झपाट्याच्या गाण्यांत तो श्वास हवाच असतो. आमच्यातल्या एकाला तर त्यामुळे पुढची ओळ पहिल्यांदाच वेळेवर धरता आली. जिथे तो शब्द यमकाच्या जागी आहे तिथे ओळ लंगडते, हे कबूल केले पाहिजे, पण अशी गाणी थोडी आहेत आणि ज्यांना ती सलतात त्यांनी ती न निवडणे सोपे आहे. गुणांवर काहीही परिणाम होत नाही. यंत्राला त्या शब्दाचे सोयरसुतक नाही.

निघताना मी काउंटरवर दोन सूचना केल्या. गाण्यावर बोट ठेवले की गाळलेली आवृत्ती आधी लागावी आणि ज्यांना सगळे शब्द हवेत त्यांनी तो बाण शोधावा, ही पहिली. ज्यांचा तो शब्द आहे त्यांना एक जास्तीचे बोट लावावे लागेल, एवढीच त्याची किंमत. खोली देताना कर्मचाऱ्यांनी हवी ती आवृत्ती विचारून तशी लावून द्यावी, ही दुसरी, म्हणजे पाण्याचा जग घेऊन आत येणाऱ्याला दर वेळी काय ऐकावे लागेल याचा अंदाज बांधत दार उघडावे लागणार नाही. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही ऐकून घेतल्या. यादी बाहेरची कंपनी पुरवते, आवृत्त्यांचा क्रम आम्हाला बदलता येत नाही, मात्र खोली देताना विचारण्याची पद्धत आम्ही सुरू करू शकतो, असे त्या म्हणाल्या. करतील की नाही ते पुढच्या खेपेस कळेल.

खोली, आवाज आणि स्वच्छतेसाठी पाचपैकी चार तारे. यादीच्या मांडणीसाठी दोन. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी लवकर गेलात तर दर परवडतो आणि घाई करायला कोणी येत नाही. टॅब्लेट मुलांच्या हाती देण्याआधी गाण्यापुढचा बाण तेवढा दाखवून द्या, आणि फळे घरून खाऊन जा.